कमान झाली, पाणी चार दिवसाआड: गावाचा पैसा नीट वापरला तर खरंच काय बदलतं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. गाव अडीच हजार वस्तीचं, पाचशेच्या आसपास घरं. वित्त आयोगाचे वर्षाला साधारण 12 लाख येतात. घरपट्टी-पाणीपट्टीची मागणी 9 लाखांची, वसुली जेमतेम 4 लाखांची. जत्रेला मात्र 6 लाख वर्गणी सहज गोळा होते. गेल्या दोन-तीन वर्षांत कमान झाली, हायमास्ट लागला, देवळापुढे पेव्हर ब्लॉक बसले, आणि नळाला पाणी अजून चार दिवसाआड. तुम्ही विचारता, हाच पैसा शहाणपणानं वापरला तर पाच-दहा वर्षांत गाव बदलेल, की हे सगळं मनाचे मांडे आहेत?

बदलेल. मी बरीच वर्षं ग्रामपंचायतींना आराखडे करायला मदत करतो, सदस्यांची प्रशिक्षणं घेतो. त्या अनुभवावर मी हे खात्रीनं म्हणतो. पण 'पैसा नीट वापरणं' म्हणजे काय, हे आधी नीट ठरवायला हवं, कारण बहुतेक चर्चा तिथेच घसरते. कमानीऐवजी वाचनालय बांधा, पेव्हर ब्लॉकऐवजी व्यायामशाळा बांधा, असं लोक म्हणतात. माझ्या मते खरा प्रश्न काय बांधायचं हा नाहीच. जे आधीच बांधलंय ते रोज चालवायला पैसा, माणूस आणि लक्ष कोण देतं, हा खरा प्रश्न आहे. बहुतेक गावं इथेच हरतात. तुमचं गावही, तुम्ही लिहिलंय त्यावरून, इथेच अडलेलं दिसतं.

'सगळं भ्रष्टाचारामुळे' हे उत्तर तुम्हाला गावात दहा जणांनी दिलं असेल. भ्रष्टाचार आहेच, तो मी नाकारत नाही. पण एक रुपयाही इकडचा तिकडे न करणारे सरपंच मी पाहिलेत आणि त्यांच्या गावातही कमान झाली, पाणी चार दिवसाआडच राहिलं. नवीन कामाचा नारळ फुटतो, फलक लागतो, फोटो निघतो. पंपाचं बेअरिंग बदललं तर कोण नारळ फोडणार? शिवाय सगळी यंत्रणाही बांधकामाच्याच वळणावर चालते. अंदाजपत्रक, तांत्रिक मंजुरी, प्रशासकीय मान्यता, मोजमाप पुस्तिका, बिल. तीन लाखांच्या रस्त्याला ही वाट सरळ असते. आठ हजारांच्या व्हॉल्व्ह दुरुस्तीला कागद जवळपास तेवढेच लागतात, म्हणून ती दुरुस्ती कोणीच अंगावर घेत नाही. मार्च जवळ आला की 'निधी परत जाईल' ही भीती सुरू होते आणि ज्या कामाचं अंदाजपत्रक तयार असतं ते काम होतं. तयार अंदाजपत्रक बहुधा बांधकामाचंच असतं.

आता तुमच्याच आकड्यांवर थोडं गणित करू. पंधराव्या वित्त आयोगाच्या 2021 ते 2026 या काळातल्या निधीला एक अट होती. 60 टक्के रक्कम बंधित, म्हणजे ती पिण्याचं पाणी आणि स्वच्छता यांवरच खर्च करायची. उरलेली 40 टक्के अबंधित, पण तीही पगार आणि आस्थापनेवर वापरायची नाही. पुढच्या आयोगात टक्केवारी इकडेतिकडे झाली तरी गणिताची रीत हीच राहील. तुमच्या 12 लाखांपैकी 7 लाख 20 हजार बंधित झाले आणि गावाला मोकळेपणानं ठरवता येतील असे राहिले 4 लाख 80 हजार. दुसरीकडे न भरलेली घरपट्टी-पाणीपट्टी 5 लाखांची आहे. म्हणजे गावानं आपला कर पूर्ण भरला तर या अबंधित निधीपेक्षाही जास्त नवा मोकळा पैसा हाती येतो. आणि हा स्वतःचा पैसा असल्यामुळे त्यातून पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याचा पगार, शाळेच्या स्वच्छतागृहाची सफाई, गटार साफ करणाऱ्याची मजुरी देता येते. सरकारी निधीतून ज्या गोष्टी सहज होत नाहीत आणि ज्यांवर गावाचा रोजचा दिवस चालतो, त्या सगळ्या याच पैशातून होतात.

नियमानं या स्वउत्पन्नातले 15 टक्के मागासवर्गीयांसाठी, 10 टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करावे लागतात. ढोबळ मानानं, 4 लाख वसुलीवर महिला-बालकल्याणाला 40 हजार मिळतात आणि 9 लाखांवर 90 हजार. अंगणवाडीतला वजनकाटा दुरुस्त होणं न होणं या फरकात असतं. घरपट्टी थकवणाऱ्याला वाटतं आपण सरपंचाचे पैसे अडवले. प्रत्यक्षात त्यानं गल्लीतल्या एखाद्या दिव्यांग म्हाताऱ्याचे पैसे अडवलेले असतात.

आणखी एक हिशेब मला फार महत्त्वाचा वाटतो आणि तो कोणी मांडत नाही. नळाचं पाणी भरवशाचं नाही म्हणून गावात किती घरं वीस लिटरचा जार घेतात? समजा 200 घरं एक दिवसाआड 20 रुपयांचा जार घेतात. महिन्याला 15 जार, एका घराचे 300 रुपये. 200 घरांचे महिन्याला 60 हजार, वर्षाला 7 लाख 20 हजार. तुमच्या पंचायतीच्या बंधित निधीएवढी रक्कम लोक आत्ताच, निमूटपणे, स्वतःच्या खिशातून पाण्यावर घालवतात, आणि पाणीपट्टी वाढवायची म्हटलं की ग्रामसभेत गदारोळ होतो. यात साठवणुकीसाठी घेतलेल्या प्लास्टिकच्या टाक्या, पावसाळ्यात जुलाब झाले की खाजगी दवाखान्यात लावलेल्या सलाइन, पाणी येणार त्या दिवशी बुडालेली मजुरी धरलेलीच नाही. गाव गरीब असलं तरी पैसा खर्च होतोच आहे. सार्वजनिक व्यवस्था चालत नाही म्हणून तोच पैसा घराघरातून सुटा सुटा आणि महागात जातो. समाज कसा सुधारेल याची कल्पना करायची तर मी इथून करतो. हा सुटा खर्च थोडा जरी एकत्र आला तर काय होईल?

पाण्याचंच उदाहरण जवळून बघा. जलजीवन मिशनचा निकष माणशी रोज 55 लिटर आहे. अडीच हजार लोकांना रोज 1 लाख 37 हजार 500 लिटर पाणी लागतं. त्यातला चौथा हिस्सा गळक्या जोडांतून, तोट्या नसलेल्या नळांतून गेला तर रोज 34 हजार लिटरच्या वर पाणी वाया, आणि ते उचलायची वीज मात्र पूर्ण भरायची. अशा गावात नवी विहीर किंवा नवी टाकी मागितली जाते. माझा आग्रह असतो की आधी एक आठवडा सकाळी पाणी सुटताना लाइनवर चाला. पाणी सोडणाऱ्याला बरोबर घ्या, त्याला सगळं माहीत असतं. कोणत्या व्हॉल्व्हचा आटा गेलाय, कोणाच्या गोठ्यात अर्ध्या इंचाऐवजी एक इंचाची जोडणी आहे, कोणत्या वस्तीला शेवटी करंगळीएवढी धार येते, हे तो बोटावर सांगतो. त्याला ग्रामसभेत कोणी कधी विचारलेलं नसतं.

शुद्धीकरणाचंही तसंच. टीसीएल पावडर, म्हणजे पाणी शुद्ध करायची क्लोरीनची पावडर, पंचायत विकत घेते, कागदावर खर्च बरोबर असतो. पण पोतं ओल्या खोलीत उघडं पडलेलं असलं तर त्यातला क्लोरीन उडून जातो आणि पावडर टाकूनही पाणी अशुद्धच राहतं. हे तपासायची ओटी चाचणी अगदी सोपी आहे. परीक्षानळीत नळाचं पाणी घ्यायचं, द्रावणाचे थेंब टाकायचे, पाणी पिवळं झालं तर क्लोरीन पोचलाय. ही चाचणी टाकीजवळच्या नळावर करून उपयोग नाही. सगळ्यात शेवटच्या घराच्या नळावर करायला हवी, आणि शेवटचं घर बहुतेक गावांत दलित वस्तीतलं नाहीतर वाडीवरचं असतं. पावसाळ्याआधी आणि नंतर आरोग्य खातं स्रोतांची पाहणी करून पंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड देतं. तुमच्या गावाचं कार्ड कोणत्या रंगाचं आहे ते विचारून बघा. लाल असेल तर कमानीचा विषय आपोआप बाजूला पडायला हवा.

एका गावातली गोष्ट सांगतो. शाळेत मुलींचं स्वच्छतागृह बांधून दोन वर्षं झाली होती. फरश्या चकचकीत, दाराला कुलूप, चावी मुख्याध्यापकांच्या खणात. महिला सभेत सहावीतल्या मुलीची आई उठून म्हणाली, "माझी पोरगी शाळेत जायच्या आधीपासून पाणीच पीत नाही." चौकशी केली तेव्हा कळलं की शाळेच्या टाकीचा व्हॉल्व्ह सकाळी सहाला, पाणी सुटतं तेव्हा, उघडायला कोणी नव्हतं. टाकी कोरडी, म्हणून सफाई नाही, म्हणून कुलूप. बांधकामाला लाखांत पैसे गेले होते. उपाय काय निघाला? व्हॉल्व्ह उघडायचं काम पाणीवाल्याकडे दिलं आणि सफाईसाठी एका ताईंना गावनिधीतून महिन्याला थोडं मानधन सुरू केलं. महिना संपायच्या आत कुलूप निघालं. हा प्रश्न मुख्य ग्रामसभेत कधीच निघाला नसता, म्हणून ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायची जी तरतूद आहे ती नुसती सह्यांपुरती उरकू देऊ नका.

आता जत्रेचं. तुम्ही जरा रागानं लिहिलंय की जत्रेला सहा लाख आणि पाण्याला काही नाही. तुमचा राग मला कळतो, पण जत्रा बंद करा असं मी कधीच सांगणार नाही. त्या दोन दिवसांत माहेरवाशिणी येतात, पुण्या-मुंबईला गेलेली मुलं येतात, गाव गाव म्हणून एकत्र दिसतं. त्यापेक्षा मला त्या सहा लाखांच्या वसुलीत रस आहे. घरपट्टी न भरणारा माणूस जत्रेची वर्गणी का भरतो? कारण पावती हातात मिळते, नाव फळ्यावर लागतं, पैसा कशाला गेला ते डोळ्यांसमोर दिसतं आणि जत्रा झाल्यावर पारावर बसून हिशेब वाचला जातो. मंडपवाल्याला किती, तमाशाला किती, शिल्लक किती. चुकीचा आकडा निघाला तर म्हातारी माणसंही उठून विचारतात. म्हणजे हिशेब मागायची सवय आपल्या गावांना आहेच, ती फक्त पंचायतीच्या दारात पोचलेली नाही. मी अनेक पंचायतींना हेच सुचवलं. घरपट्टी भरणाऱ्यांची नावं फळ्यावर लावा आणि दर तीन महिन्यांनी जमाखर्च पारावर मोठ्यानं वाचा. थकबाकीदारांची नावं लावून लोक चिडतात, भरणाऱ्यांची लावली की उरलेले स्वतःहून येतात.

छत्रपती संभाजीनगरजवळच्या पाटोदा गावानं, भास्करराव पेरे पाटलांच्या काळात, याच्याही पुढे जाऊन जे घर सगळा कर भरेल त्याला वर्षभर मोफत दळण सुरू केलं. लोकांना कराच्या बदल्यात रोज काहीतरी हातात पडू लागलं. तुमच्या गावात पिठाची गिरणीच काढा असं नाही. कर भरल्यावर काय मिळतं हे माणसाला त्याच आठवड्यात दिसलं पाहिजे, एवढं त्यातून घ्या.

डीजे, लग्नातल्या पंगती, कर्ज काढून केलेले मानपान याबद्दलही तुम्ही विचारलंय. गाडगेबाबांनी हेच आयुष्यभर सांगितलं. ते गावात येऊन आधी स्वतः झाडू मारायचे, संध्याकाळी कीर्तनात कर्ज काढून सण करू नका, देवापुढे जनावर कापू नका, पोरांना शाळेत घाला असं सांगायचे, आणि लोकांनी दिलेल्या पैशातून धर्मशाळा उभ्या करायचे. तीर्थाला आलेल्या गरिबाला डोक्यावर छप्पर मिळावं म्हणून. दान तेच, पण ते कशावर गेलं यानं किती फरक पडतो हे त्यांच्याइतकं स्पष्ट महाराष्ट्रात फार कमी जणांनी दाखवलं. त्यांच्याच नावानं 2000-01 मध्ये ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं, तेव्हा गावंच्या गावं श्रमदानाला बाहेर पडली. त्या काळातली गावं मी पाहिली आहेत. बक्षीस मिळाल्यावर काही ठिकाणी पुन्हा उकिरडे झाले. ज्यांनी त्या उत्साहात सफाईचा माणूस, त्याचा पगार आणि कचऱ्याची जागा कायमची ठरवून टाकली, ती गावं आजही स्वच्छ आहेत.

काही निर्णयांना तर पैसाही लागत नाही. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावनं 2022 पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाइल बंद ठेवायचं ठरवलं, मुलं अभ्यासाला बसतात. हिवरे बाजारमध्ये 1989 पासून पोपटराव पवारांच्या पुढाकारानं जे घडलं त्यात बंधाऱ्यांचा वाटा आहे, पण माझ्या मते त्याहून मोठा वाटा ग्रामसभेनं स्वतःवर घातलेल्या बंधनांचा आहे. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, ऊस लावायचा नाही, पाऊस किती झाला ते मोजून पाण्याचा ताळेबंद मांडायचा आणि त्यावर पिकं ठरवायची. बंधारे महाराष्ट्रात हजारो गावांत झाले. आलेलं पाणी कसं वापरायचं हे ठरवणारी गावं मोजकीच निघाली.

हे सगळं प्रत्येक गावाला जसंच्या तसं लागू होत नाही, हेही सांगायला हवं. चारशे वस्तीच्या गावाला घरपट्टी पूर्ण भरूनही माणूस ठेवणं परवडत नाही, तिथे दोन-तीन गावांनी मिळून एक पंप दुरुस्ती करणारा ठेवावा लागतो. आदिवासी भागात पेसाचा, म्हणजे तिथल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणाऱ्या कायद्याचा, निधी थेट ग्रामसभेच्या हातात येतो, तिथली लढाई वेगळी. बाजारपेठेच्या गावात दुकानांच्या कर आकारणीतच मोठं उत्पन्न दडलेलं असतं. आणि ज्या गावात एखाद्या वस्तीपर्यंत अजून पाइपलाइनच गेलेली नाही, तिथे देखभालीचं माझं तत्त्वज्ञान दुसऱ्या क्रमांकावर. तिथे आधी त्या वस्तीला नळ. दोन गटांत विस्तव जात नसेल तर वर्षभर नुसती माहिती उघड करण्यापलीकडे फारसं होत नाही, पण तेही वाया जात नाही.

तुम्ही एकटे काय करू शकता, ते सांगतो. ई-ग्रामस्वराज पोर्टलवर तुमच्या पंचायतीचा आराखडा आणि झालेला खर्च कोणालाही बघता येतो, फोनवर 'मेरी पंचायत' ॲप आहे. ते कागद काढा. मग दोन-तीन मित्रांना घेऊन गावात फिरा आणि पंचायतीनं आजवर बांधलेल्या, घेतलेल्या प्रत्येक वस्तूपुढे फक्त 'चालू' किंवा 'बंद' लिहा. हातपंप, पथदिवे, शाळेतला आरओ, अंगणवाडीची टाकी, स्वच्छतागृहं, सोलर दिवे. 'बंद'पुढे कारण आणि दुरुस्तीचा अंदाजे खर्च. यात कोणावर आरोप नाही, त्यामुळे ग्रामपंचायत अधिकारीही बहुधा मदत करतात. मी असे कागद खूप गावांत करून घेतले, आणि सगळ्या बंद वस्तू चालू करायचा खर्च एका नव्या सभामंडपापेक्षा कमी निघाला नाही असं क्वचितच झालं.

हा कागद पुढच्या वर्षाचा आराखडा ठरायच्या ग्रामसभेत न्यायचा, म्हणजे 2 ऑक्टोबरच्या आसपासच्या सभेत. मार्चमध्ये नेऊन काही होत नाही, तोवर सगळं ठरलेलं असतं. ग्रामसभेची गणपूर्ती मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 माणसं, यांतली कमी असेल ती. तेवढी माणसं जमली नाहीत की सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. तुमच्या गावाची कमान फार करून वीस-पंचवीस माणसांच्या तहकूब सभेत मंजूर झालेली असेल. जत्रेची बैठक असली की जेवढी माणसं येतात त्यातली निम्मी जरी ग्रामसभेला आणता आली तरी गणपूर्ती होते.

सभेत भाषण करू नका. प्रत्येक नव्या कामाचं नाव वाचलं गेलं की एकच प्रश्न विचारा: याचं पुढच्या पाच वर्षांचं वीजबिल, दुरुस्ती आणि माणसाचा पगार कशातून देणार? उत्तर काहीही येवो, प्रश्न आणि उत्तर दोन्ही इतिवृत्तात लिहून घ्यायचा आग्रह धरा. हायमास्टला या प्रश्नाचं उत्तर देणं अवघड जातं. नवा व्हॉल्व्ह, पाण्याचं मीटर, शाळेच्या टाकीची दुरुस्ती या कामांना जात नाही. सरपंचांना आधी घरी जाऊन कागद दाखवा, सभेत अचानक काढू नका. नाहीतर हा नव्या कामांना विरोध आहे असं ते समजतील. त्यांना सांगा की दुरुस्त झालेल्या प्रत्येक गोष्टीचंही लोकार्पण करा, फलक लावा, फोटो काढा. मी हे मनापासून सांगतो. दुरुस्तीला मान मिळाल्याशिवाय दुरुस्तीला पैसा मिळत नाही.

पहिल्या वर्षी फक्त पाणी घ्या. गळती, शेवटचा नळ, टीसीएल, एवढंच. बंधित निधी त्यासाठीच असतो, त्यामुळे नियमाची अडचण येणार नाही. पाणी दोन दिवसाआड आलं की पाणीपट्टीची वसुली वाढते, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. आणि ती वाढली की शाळा-अंगणवाडी हाती घ्यायला तुमच्याकडे स्वतःचा पैसा असतो. पाणी सुधारण्याआधी पट्टी वाढवायला जाऊ नका, तिथे भांडण होऊन सगळं बसेल. तुमच्या पाणीवाल्याचा पगार किती महिन्यांचा थकलाय, तेवढं मात्र आजच विचारून घ्या.